बडी बहनजी: डॉ. सुशीला नायर

(बी. ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी, आंजी (मोठी), जि. वर्धा)

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की महात्मा गांधी, विनोबाजी आणि जमनालालजी बजाज ही नावे आपोआप ओठावर येतात. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत आम्ही या तिघांवर भाषणे पाठ करून म्हटली आहेत. मात्र ज्या बाईंमुळे आमच्या भागातल्या हजारो बायका सुखरूप बाळंत झाल्या, त्यांच्यावर भाषण केलेले मला कुणी आठवत नाही. आमच्याकडे दुखणे जड झाले की लोक ‘सेवाग्रामला नेले’ एवढेच म्हणतात. सेवाग्राम म्हणजे कस्तुरबा रुग्णालय हे लहान मुलालाही ठाऊक असते. ते रुग्णालय उभे करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तेथील विद्यार्थी त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने डॉक्टरांचे चरित्र कशाला लिहावे, असे कुणाला वाटेल. परंतु त्यांच्या जीवनकार्यातला एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो आमच्या घरापर्यंत आलेला आहे. बाळंतपणाच्या कळा सुरू होण्याआधीच त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना पुढे काय होणार, हे कळले पाहिजे, असा तो विचार आहे. त्याच दृष्टीने मी हे चरित्र लिहीत आहे. राजकारणातल्या त्यांच्या कामगिरीचा उल्लेख थोडक्यात येईल.

सुशीलाबहनांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात कुंजाह या गावी झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. थोरले बंधू प्यारेलाल हे गांधीजींचे चिटणीस झाले होते. त्यांच्यामुळे गांधीविचार घरात लहानपणीच आला आणि लाहोरला असताना लहानग्या सुशीलेने गांधीजींना पाहिलेही होते. पुढे त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. हे महाविद्यालय खास मुलींसाठी १९१६ साली निघाले होते. त्या काळी पुरुष डॉक्टरने बाईला तपासणे बहुतेक घरांत मान्य नव्हते आणि स्त्री डॉक्टर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अशा वेळी त्यांनी एम. बी. बी. एस. आणि पुढे एम. डी. या पदव्या मिळवल्या. शहरात दवाखाना थाटला असता तर पैसा आणि मान दोन्ही चालून आले असते.

पण १९३९ साली त्या भावाकडे सेवाग्रामला आल्या आणि तेथल्याच झाल्या. गांधीजी १९३६ साली या गावी राहायला आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. १९४० पासून ते सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. सुशीलाबहन आल्या आणि थोड्याच दिवसांत वर्धा भागात पटकीची साथ आली. या तरुण डॉक्टरबाईंनी ती जवळजवळ एकटीने हाताळली. त्यांचे धैर्य पाहून गांधीजी प्रसन्न झाले आणि पुढे त्या त्यांच्या आणि कस्तुरबांच्या डॉक्टर झाल्या. पटकीसारख्या रोगात नुसते औषध देऊन भागत नाही. पाणी उकळून प्या, हात धुवा, उघड्यावर बसू नका, हे घरोघर पटवावे लागते. माणसाला आधी शहाणे करायचे आणि मग औषध द्यायचे, हा धडा या कामात त्यांना मिळाला असणार असे मला वाटते.

येथे गांधीजींच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती त्यांच्या आत्मकथेत आहे, तरी भाषणांत कुणी सांगत नाही. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना २२ मे १९०० रोजी त्यांचे धाकटे चिरंजीव देवदास यांचा जन्म झाला. कळा एकाएकी सुरू झाल्या. डॉक्टर वेळेवर मिळाले नाहीत. सुईणीला आणण्यातही वेळ जाणार होता. अखेर ते बाळंतपण गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केले. हे धाडस त्यांना जमले, कारण त्यांनी ‘माने शिखामण’ हे डॉ. त्रिभुवनदास यांचे आईला उपदेश करणारे गुजराती पुस्तक आधीच लक्षपूर्वक वाचून ठेवले होते. मुलांचे संगोपन करायचे तर आईबापांना त्याचे साधारण ज्ञान हवे, असे त्यांचे मत होते. पुढे १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी आरोग्यावर जी गुजराती लेखमाला लिहिली, तिच्यात गर्भारपण आणि बाळंतपण यांवरही प्रकरण होते. सव्वाशे वर्षांपूर्वी एका नवऱ्याने बायकोच्या बाळंतपणाचे पुस्तक वाचले, ही गोष्ट मला त्यांच्या मोठमोठ्या सत्याग्रहांइतकीच विलक्षण वाटते. आमच्याकडे आजही बाळंतपण म्हटले की पुरुष ओट्यावर जाऊन बसतात आणि आतल्या बातमीची वाट पाहतात.

ज्यांच्या सहवासात सुशीलाबहन घडल्या, ते गांधीजी असे होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी नेत्यांची धरपकड झाली. त्या दिवशी मुंबईला शिवाजी पार्कवरच्या सभेत गांधीजींच्या जागी कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांना अटक झाली आणि त्यांच्याबरोबर सुशीलाबहनांनाही. पुढचे दिवस पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच वारले, त्या वेळी सुशीलाबहन त्यांच्याजवळ होत्या. याच स्थानबद्धतेत गांधीजींनी आरोग्यावरचे आपले जुने लेखन नव्याने लिहून काढले. ते ‘आरोग्याची किल्ली’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद सुशीलाबहनांनी केला. साध्या माणसाने आपले शरीर कसे ओळखावे, हे त्या पुस्तकाचे सूत्र आहे. वैद्यकाचे मोठे शिक्षण घेतलेल्या बाईंनी सामान्यांसाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकाचा अनुवाद मनापासून करावा, यातच त्यांचा पिंड दिसतो.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्येच निवर्तल्या. शेवटच्या आजारात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत सुशीलाबहन होत्या. कस्तुरबांच्या स्मरणार्थ देशभर निधी गोळा करण्यात आला. उद्दिष्ट ७५ लाख रुपयांचे होते, जमले त्याहून जास्त. २ ऑक्टोबर १९४४ रोजी सेवाग्रामला हा निधी गांधीजींच्या हाती देण्यात आला. तो खेड्यापाड्यांतल्या स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा, अशी व्यवस्था त्यांनी केली. पुतळा किंवा सभागृह उभारण्यापेक्षा खेड्यातल्या बाईचे बाळंतपण सुखरूप व्हावे, हेच कस्तुरबांचे खरे स्मारक, असा त्यामागचा भाव होता.

सुशीलाबहनांनी १९४४ साली सेवाग्रामला एक छोटा दवाखाना काढला होता. पाहता पाहता इतके रोगी येऊ लागले की आश्रमाची शांतता राहीना. म्हणून बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात तो हलवण्यात आला आणि १९४५ साली त्याचे रीतसर कस्तुरबा रुग्णालय झाले. आरंभी त्यात १५ खाटा होत्या आणि त्या प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी होत्या. आज ते प्रचंड रुग्णालय पाहताना त्याची सुरुवात बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांपासून झाली, हे ध्यानातही येत नाही.

त्या वेळी देशातली परिस्थिती काय होती? सरकारने नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात आणि देशात वर्षाला सुमारे २ लाख बायका बाळंतपणात मरतात, असा अंदाज दिला आहे. आकड्यांवरून चटकन काही कळत नाही, म्हणून मी ते गावाच्या हिशेबात मांडून पाहिले. एखाद्या गावात वर्षाला ५० बाळंतपणे होत असतील, तर दरवर्षी त्या गावातली एक बाई जायची. प्रत्येक आळीत आईविना वाढलेले लेकरू असायचे.

याच सुमारास युरोपात बाळंतपणाच्या शिक्षणाचा विचार वेगळ्या अंगाने चालला होता. इंग्लंडचे डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. भीतीने अंग आखडते, आखडलेल्या अंगाला कळा जास्त झोंबतात आणि त्या वेदनेने भीती आणखी वाढते, असे चक्र त्यांनी मांडले. त्यावर उपाय म्हणून शरीरात काय घडते ते बाईला आधी समजावून सांगावे आणि श्वास व शिथिलीकरण शिकवावे, असे त्यांनी सुचवले. फ्रान्सचे डॉ. लामाझ यांनी १९५१ साली सोव्हिएत रशियात जाऊन तेथील पद्धत पाहिली आणि पॅरिसला तशी शिकवणी सुरू केली. नवऱ्यांनाही त्यात सामील करून घेतले जाऊ लागले. आपल्याकडच्या खेड्यांत मात्र त्याआधीचे प्रश्न पुढे होते. नाळ कशाने कापायची? हात धुवायचे की नाही? रक्त जाऊ लागले तर बैल कधी जुंपायचे? तरी दोन्हीकडचे मूळ एकच होते. बाईला अंधारात ठेवायचे नाही.

१९४६ साली सुशीलाबहन गांधीजींबरोबर दंगलग्रस्त नौखालीला गेल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्या दिवशी त्या दिल्लीत नव्हत्या. निर्वासितांच्या कामासाठी पाकिस्तानात गेलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले. एम. डी. झालेल्या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या! रोगी दारात आल्यावर त्याला बरे करणे हे एक शास्त्र आणि माणसे रोगी होऊच नयेत म्हणून गावात काय करावे, हे दुसरे शास्त्र. हे दुसरे शास्त्र शिकण्यासाठी त्या गेल्या होत्या. १९५० साली परत आल्यावर त्यांनी फरिदाबादला क्षयरोग्यांसाठी काम उभे केले.

पुढचा काळ राजकारणाचा. १९५२ ते १९५५ या काळात त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या आणि नंतर दिल्ली विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. १९५७ पासून झाशीहून लोकसभेवर निवडून गेल्या. १९६२ ते १९६७ पर्यंत त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९७७ साली जनता पक्षातर्फे त्या झाशीहूनच पुन्हा निवडून आल्या. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. एवढ्या मोठ्या पदांवर राहूनही त्यांचे मन सेवाग्रामहून हलले नाही, याचा पुरावा म्हणजे १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था.

ते गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष होते. खेड्यात असलेले हे देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. डॉक्टर खेड्यात जात नाहीत, ही तक्रार सगळेच करत होते. सुशीलाबहनांनी उलट विचार केला आणि डॉक्टर खेड्यातच घडवायचे ठरवले. तेथे विद्यार्थ्यांना खादी घालावी लागे, श्रमदान करावे लागे, सर्वधर्म प्रार्थनेला बसावे लागे. पहिल्या वर्षी काही दिवस आश्रमात राहायचे. प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यायचे, तेथे शिबिर करायचे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे वाटून घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचे, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे दिल्ली-मुंबईकडून आलेला मुलगा ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात जाऊन बसतो आणि त्या घरातली सून गरोदर आहे का, तिने लस घेतली का, तिच्या पायांना सूज आहे का, हे विचारतो. याच संस्थेच्या परिसरात खेड्यांसाठी आरोग्य विम्याची एक योजना निघाली. तिची वर्गणी सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे ज्वारी देऊन भरायची होती. दवाखाना आपल्याही ज्वारीवर चालतो, असे एकदा वाटले की तेथे पाऊल टाकायची भीती कमी होते.

आता माझ्या गावाकडे येते. आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचे गाव आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही आमची पिके. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि सेवाग्रामच्या संस्थेचा सामुदायिक आरोग्य विभाग अनेक वर्षांपासून आंजीच्या परिसरात काम करतो. आज त्या विभागाला सुशीलाबहनांचेच नाव आहे. पांढरा कोट घातलेली मुले-मुली वही घेऊन गल्लीतून फिरताना दिसली, तरी आमच्याकडे कुणी दचकत नाही.

माझी आजी सुईण होती. तिच्या सासूचेही तेच काम होते. ज्या घराला एरवी कुणी ओट्यावर चढू देत नसे, त्याच घराच्या बाईला मध्यरात्री कंदील घेऊन बोलावणे यायचे. काम झाले की पायलीभर ज्वारी आणि जुने लुगडे मिळायचे, आणि सकाळी ती जागा गोमूत्र शिंपडून शुद्ध केली जायची. आजी हे रागाने सांगत नाही, मला मात्र ऐकताना राग येतो. आजीच्या सासूच्या काळी नाळ विळ्याने कापायचे आणि वर राख लावायचे. मूल निघेना तर पोट दाबायचे. पहिला चीक काढून टाकायचे आणि बाळाला मध-पाणी चाटवायचे. कितीतरी मुले जन्मल्यापासून आठ-दहा दिवसांत आखडून जायची. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहिते आणि तिचा कोप झाला तर मूल नेते, असे लोक मानत.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने गावोगावच्या सुईणींना शिकवण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. पुढे आजीही त्या प्रशिक्षणाला गेली. अक्षरओळख नसलेल्या बायकांना पाच बोटांवर पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ आणि कोरडी. आजी आजही ती बोटे मोजून दाखवते. मुले आखडून जातात तो धनुर्वात असतो, तो घाणेरड्या पात्यातून आणि राखेतून शिरतो आणि जन्मानंतर चार-आठ दिवसांनी डोके वर काढतो, हे तिला तेव्हा कळले. म्हणजे लोकांनी दिवस बरोबर ओळखले होते, कारण तेवढे चुकीचे धरले होते. नवे पाते, कोरडी नाळ आणि गरोदरपणातली धनुर्वाताची लस यांनी सटवाईचे ते भय संपवले. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. यात माझ्या आजीसारख्या निरक्षर बायकांचा वाटा किती, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले मला आढळले नाही. म्हणून ते या वार्षिकांकात लिहून ठेवते.

३ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, सुशीलाबहनांचे निधन झाले. काम मात्र थांबले नाही. २००३ ते २००८ या काळात सेवाग्रामच्या संस्थेने आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांखालच्या ६७ गावांत माता आणि बाळांसाठी एक मोठा कार्यक्रम केला. गावाच्या समित्या झाल्या, बचत गटांच्या बैठकांत आरोग्याचे विषय आले, मुलींच्या किशोरी पंचायती झाल्या. माझा जन्म त्याच काळातला. आई सांगते की बचत गटाच्या बैठकीत चित्रे दाखवून सगळे समजावत. बाळंतपण कोठे करायचे ते आधी ठरवा. गाडी कुणाची मिळेल ते विचारून ठेवा. थोडे पैसे बाजूला काढा. रक्त लागले तर कोण देईल ते पाहा. घरी थोरली ताई कुणाजवळ राहील तेही ठरवा. आईने त्याप्रमाणे सारे ठरवले होते. ज्या वयात तिला स्वतःच्या नावावर रेशनचे तांदूळही आणता येत नव्हते, त्या वयात तिने आपल्या बाळंतपणाची आखणी केली होती.

एवढे सगळे झाल्यावर आमच्या घरात तरी हा प्रश्न सुटायला हवा होता. गेल्या वर्षी ताईचे पहिले बाळंतपण आले. ती दुसऱ्या तालुक्यात सासरी होती आणि नवव्या महिन्यात माहेरी यायची होती. आठव्या महिन्यातच एका रात्री तिच्या अंगावरून पाणी गेले. कळा नव्हत्या. सासूबाईंना वाटले, असे होतेच, सकाळी पाहू. ताईला काहीच माहीत नव्हते, भाऊजींना तर त्याहून नाही. पाणी गेले की कळा असोत वा नसोत, तडक दवाखाना गाठायचा असतो, हे त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते. सारी रात्र तशीच गेली. मूल अपुऱ्या दिवसांचे आणि अपुऱ्या वजनाचे झाले. कितीतरी दिवस ते काचेच्या पेटीत होते. आज ते बरे आहे आणि रांगते, हे आमचे भाग्य. भाऊजी नंतर आईजवळ बोलले की एक कागद जरी कुणी हातात दिला असता, तरी त्यांनी तो वाचला असता. ते बारावी शिकलेले आहेत.

या प्रसंगापासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. आजी सुईण, आई बैठकीत शिकलेली, तरी ताई कोरी राहिली. हे ज्ञान रक्तातून उतरत नाही. पहिल्या खेपेची प्रत्येक बाई नवीनच असते आणि प्रत्येक वेळी तिला नव्याने सांगावे लागते. आई-मुलीत हे विषय निघत नाहीत, लाज आड येते. दवाखान्यात गर्दी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या पाचव्या पाहणीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. २०१८ ते २० च्या आकडेवारीत दर लाख जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ आहेत. भोर समितीच्या हिशेबाने तो आकडा लाखामागे २००० येतो! एवढी मोठी मजल या देशाने मारली. म्हणून कित्येकांना वाटते की आता शिकवायचे काही उरले नाही, १०८ ला फोन केला की झाले. पण फोन कधी करायचा, हे तरी आधी कुणीतरी सांगितले पाहिजे ना?

सांगायचे ते फार अवघडही नाही. कळा ठरावीक वेळाने येऊ लागल्या आणि वाढत गेल्या की त्या खऱ्या. पहिल्या वेळी बारा तास किंवा अधिकही लागू शकतात, म्हणून आरंभीच घाबरून बळ खर्च करू नये. चालावे, पाणी प्यावे, लांब श्वास घ्यावा. सांगितल्याशिवाय जोर करू नये. रक्त जाणे, पाणी जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तरी थांबायचे नाही. बाळ झाल्यावर तासाभरात त्याला अंगावर पाजायचे आणि पहिला चीक मुळीच टाकायचा नाही. आजीने अर्ध्या तासात हे सगळे मला सांगितले आणि आमच्या आशाताईंनी ते बरोबर असल्याचे सांगितले.

आमच्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरतात. त्या दिवशी माहेरची आणि सासरची माणसे एकत्र येतात, हिरवी साडी नेसवतात, फुलांची वाडी भरतात. त्याच दिवशी, जेवणाआधी, आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलावून अर्धा तास या गोष्टी सगळ्यांसमोर सांगाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. सासूबाईंनी ऐकावे आणि नवऱ्यानेही ऐकावे. ओट्यावर बसलेल्या पुरुषांनाही आत बोलवावे. गांधीजींनी पुस्तक वाचले तर आमच्या भावांनी अर्धा तास बसायला काय हरकत आहे? आमच्या घरी चुलत वहिनीची ओटी येत्या महिन्यात भरायची आहे. आजी बोटे मोजून पाच स्वच्छता सांगणार आहे, आशाताई पुढचे सांगणार आहेत आणि धोक्याच्या खुणांचा कागद मी मोठ्या अक्षरांत लिहून दादाच्या हातात देणार आहे.

आमच्या महाविद्यालयातल्या किती मुली येत्या तीन-चार वर्षांत या वाटेने जातील! किती मुले बाप होतील! इतिहासाच्या पेपरात आपण आगाखान पॅलेसबद्दल लिहितो, तेथेच आरोग्याचे एक छोटे पुस्तकही लिहिले गेले, हेही आपण लक्षात ठेवावे. सुशीलाबहनांनी रुग्णालय उभारले, डॉक्टर घडवले आणि त्यांना आमच्या दारापर्यंत पाठवले. दाराच्या आत, चुलीपाशी, सासू-सुनेच्या आणि नवरा-बायकोच्या बोलण्यात हे ज्ञान नेण्याचे काम उरले आहे, आणि ते आपण शिकलेल्या मुलामुलींनीच केले पाहिजे.